आत दीड, बाहेर सव्वा

चंद्रहासला एका जागी बसवत नाही, हे अबोलीला लग्नानंतर चौथ्या दिवशीच कळलं होतं. घरात पाहुणे होते, आणि नवरदेव ओट्यापाशी उभा राहून कुकरच्या दांड्याचा स्क्रू सुरीच्या टोकाने आवळत होता. स्क्रू ढिला नव्हता. त्याने तो आवळला, मग जास्त आवळला गेला की काय म्हणून जरा सैल केला, आणि पुन्हा आवळला. त्याच्या आत्याबाई म्हणाल्या, "अबोली, तुझ्या घरात काही मोडायचं नाही बघ. मोडायच्या आधीच हा उघडून ठेवील."

परदेशात हॅमिल्टनला आल्यावर तरी तो काही बदलला नाही. रोटोटुना भागात भाड्याचं तीन खोल्यांचं घर होतं, पुढे कापायला हिरवळ, मागे कपडे वाळत घालायची दोऱ्यांची छत्री. उदबत्तीच्या धुराने छतावरचा अलार्म ठणाणा करतो म्हणून अबोलीने देवघर खिडकीच्या कट्ट्यावर मांडलेलं. सकाळी ती पूजेला बसली की हा मागे येरझाऱ्या घालायचा. एकदा जपमाळेच्या गाठीकडे बघत म्हणाला, "दोरा झिजलाय, बदलून देऊ का?" तिने डोळे न उघडता सांगितलं, "माळ राहू दे. मनाचं काही होत असेल तर बघा."

मनाचं काही होत नव्हतं, ते मुळात भोसरीत बिघडलेलं होतं.

त्याचे वडील बाळासाहेब अडतीस वर्षं लेथवर उभे होते. भोसरीच्या एमआयडीसीत त्यांना लोक बाहेरून भाग आणून दाखवायचे आणि विचारायचे, अण्णा, हा कितीचा? अण्णा अंगठ्याने चाचपून माप सांगायचे, आणि ते बरोबर निघायचं. मशीनच्या आवाजाने त्यांचा उजवा कान गेला होता, पण बोट गेलं नव्हतं. पोरगा डिप्लोमा होऊन चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागला. दुसऱ्यांनी केलेला माल घ्यायचा, मोजायचा, फॉर्मवर बरोबरची खूण करायची. घरी कोणी आलं की अण्णा ओळख करून द्यायचे, "हा आमचा थोरला. हा मोजतो." त्यात कुजकेपणा नव्हता, नुसतं सांगणं होतं. पण चंद्रहासच्या कानात ते जे बसलं ते बसलं. आपण करत नाही, मोजतो.

म्हणून तर २०१२ साली चांगली नोकरी सोडून तो ऑकलंडला गाड्यांचं काम शिकायला आला. तिथल्या अवोन्डेल भागात चार पोरांत एक खोली, रविवारी बाजारात भाजीवाल्याचे खोके उतरवायचे, उरलेला वेळ कॉलेजच्या वर्कशॉपात. शिक्षण झालं, मग अबोली आली, ओवी झाली, आणि हॅमिल्टनच्या फ्रँकटन भागात रॉस नावाच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजात काम मिळालं. काम कसलं, तर टायर बदलणं आणि ऑइल बदलणं. रॉस वाईट माणूस नव्हता, पण स्वतः केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. इंजिन उघडायची वेळ आली की तो चंद्रहासच्या हातातला पाना काढून घ्यायचा. "चॅन्डी, तू चाकं बघ." चंद्रहासचं चॅन्डी त्यानेच केलेलं.

दोन वर्षं अशी गेली. आणि २०१६च्या ऑगस्टात व्हिसा संपायला नऊ दिवस राहिले.

नव्या अर्जाला मालकाचं पत्र हवं होतं, आणि पत्रात हा माणूस काय काम करतो ते हवं होतं. 'टायर फिटर' लिहिलं तर अर्जात जीव नाही. 'ऑटोमोटिव्ह टेक्निशियन' लिहिलं तर आहे. चंद्रहास आधीचे चार दिवस धीर गोळा करत होता, त्या सोमवारी सकाळी चहाच्या वेळी त्याने रॉसला विचारलं.

रॉसने कपातलं बिस्कीट बाहेर काढलं. अर्धं आतच राहिलं होतं. तो म्हणाला, "मी जे पाहिलंय तेच लिहितो, मेट. तुला चाकं बदलताना पाहिलंय."

"इंजिनाचं काम दिलंच नाहीत तर दिसणार कसं?"

रॉसने कपानेच कोपऱ्याकडे खूण केली. तिथे जपानहून आलेली एक जुनी टर्बोवाली वॅगन उभी होती. जवळच्या केंब्रिज गावातल्या एका बाईंची गाडी. मागे घोडा न्यायची ट्रॉली जोडून त्या डोंगर चढायच्या. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पुढून टिक टिक टिक असा आवाज यायचा आणि दहा मिनिटांत थांबायचा.

"काय झालंय तिला?" रॉसने विचारलं.

"मॅनिफोल्डचा स्टड तुटलाय. धूर फटीतून बाहेर पडतोय. लोखंड तापून फुगलं की फट बुजते, म्हणून आवाज थांबतो."

"ते कानाने ऐकून कोणीही सांगेल. सगळे नऊ स्टड नवे घाल. पहिल्यापासून शेवटपर्यंत तू एकट्याने. शनिवारी सकाळी सात वाजता मी येऊन थंड इंजिन सुरू करतो. टिकटिक झाली नाही, तर तुला हवं ते लिहितो."

आता ज्याने कधी बॉनेट उघडलं नाही त्याच्यासाठी सांगायचं तर, मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या नळकांड्यांतला जळका धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा बिडाचा पंजा. आणि स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेली बोटभर सळई. एक टोक इंजिनाच्या हेडमध्ये पिळायचं, बाहेर राहिलेल्या टोकावर मॅनिफोल्ड अडकवून नट आवळायचा. लाल होईपर्यंत तापायचं, गार व्हायचं, पुन्हा तापायचं, आणि वर टर्बोचं ओझं. हेड ॲल्युमिनियमचं, मऊ. एक आटा बिघडला की पूर्ण हेडच धोक्यात.

सोमवारी त्याने टर्बो आणि मॅनिफोल्ड उतरवला. मंगळवारी सात स्टड कुरकुरत का होईना, निघाले. मागच्या टोकाचे दोन मात्र आतल्या आत तुटलेले होते. त्यांच्या बुडख्यांवर त्याने नट ठेवून वेल्डिंगने चिकटवला, तेल सोडलं, आणि पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत चाळीस मिनिटं एकेकाला बाहेर काढलं. घाई केली असती तर बुडखा आणखी आत तुटला असता. हे त्याला जमलं. टायरच्या रॅकआडून रॉस बघत होता.

आता नवे कुठले घालायचे? कंपनीचे मूळचे स्टड जपानहून यायला तीन आठवडे. म्हणजे ऑकलंडच्या बोल्टवाल्या दुकानातून मागवायचे, आणि तिथे माप आणि धातू आपण सांगायचा. जाडी दहा मिलिमीटर, यात वाद नव्हता. प्रश्न होता आट्यांचा. दोन आट्यांतलं अंतर, म्हणजे पिच, सव्वा मिलिमीटर की दीड? नटाकडच्या टोकाला गेज, म्हणजे आट्यांत बसवून माप घ्यायची दातेरी पट्टी, चपखल बसला, सव्वा. हेडमधलं टोक गंजाने खाल्लेलं, आट्यांत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी. गेजचे दात त्यात डगमगत होते. सव्वाच वाटत होतं. त्याने तीन स्टडवर लावून बघितलं, तिन्हींवर सव्वा वाटलं. पण वाटणं वेगळं आणि असणं वेगळं, हे चाकणला सहा वर्षं खुणा करून त्याच्या अंगात भिनलेलं.

घरी येऊन तो जेवला नाही, उभाच राहिला. ओवी म्हणाली, "बाबा, सिट डाऊन." तो बसला आणि उठला. शेवटी भोसरीला फोन लावला. तिकडे दुपारचे बारा वाजून गेले होते.

"अण्णा, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये मॅनिफोल्डचा स्टड घालायचाय. टर्बोची गाडी आहे."

"कोण घालतंय?"

"मी."

तिकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग अण्णा मोठ्याने बोलायला लागले. कान गेल्यापासून ते फोनवर समोरच्यालाच बहिरा समजायचे. "हायटेन्सिल पोलादाचा घेऊ नको बरं का. दिसायला राजबिंडा, पण लाल झाला की त्याचं पाणी उतरतं, मग भाकरीसारखा मोडतो."

"स्टेनलेस?"

"गंजत नाही, पण चिकटतो. एकदा नट चढला की दोघांचं लग्नच लागतं, पुन्हा कोणी सोडवू शकत नाही. उष्णता सोसणारं मिश्रधातूचं पोलाद मिळतं, जुन्या बॉयलरला वापरायचे, तेच माग. नट तांब्याचा मुलामा दिलेला."

"आणि आटे? बाहेर सव्वा आहे. आत काय धरू?"

"ॲल्युमिनियम आहे ना? मऊ धातू. आत दीड धर. दीडच्या खाली जाऊ नको."

"दीड? नक्की?"

"अरे, ॲल्युमिनियमला दीडच धरतात. किती वेळा घातलेत मी."

चंद्रहासने कागदावर लिहिलं, आत दीड, बाहेर सव्वा. पटण्यासारखंही होतं. मऊ धातूत जाडे आटे जास्त पकड घेतात, असे दोन टोकांना दोन वेगळे आटे असलेले स्टड कॉलेजात दाखवलेही होते. तरी त्याच्या बोटांना गेजचा तो सव्वा आठवत होता. त्याने बोटं पँटला पुसली. अण्णांच्या अंगठ्यापुढे आपला गेज काय सांगणार.

अबोलीने विचारलं, "झालं ना समाधान?"

"झालं."

"मग येरझाऱ्या कशाला घालताय?"

बुधवारी सकाळी त्याने ऑकलंडला फोन केला. दुकानातली बाई धातूचं ऐकून म्हणाली, स्वीट ॲज, म्हणजे झकास, आहे आमच्याकडे. आट्यांचं ऐकून मात्र थबकली. "या जपानी हेडना सहसा दोन्हीकडे सव्वाच असतं. तू नक्की बघितलंस?"

"नक्की," चंद्रहास म्हणाला. एक सव्वाचा बोल्ट घेऊन त्या भोकात फिरवून बघायला दोन मिनिटं लागली असती. पण त्याने तसं करणं म्हणजे अण्णांना तपासणं झालं असतं, आणि मोजून मोजून तर इथपर्यंत आलो, आता करायचं, अशी त्याच्या मनाने उचल खाल्ली होती.

गुरुवारी नऊ वाजता कुरिअर आला. काळसर झाक असलेले नऊ स्टड, तेलकट कागदात. त्याने भोकं ब्रशने साफ केली, हवा मारली, स्टड चिकटू नयेत म्हणून त्यांना निकेलची पेस्ट लावली आणि चौथ्या भोकापासून सुरुवात केली. अबोलीचा गुरुवारचा उपास होता, तिने सकाळी कपाळाला अंगारा लावून पाठवलं होतं. तो घामाबरोबर भुवईत उतरला.

स्टड दोन फेरे हाताने आत गेला आणि अडला.

कचरा असेल, त्याला वाटलं. बाहेर काढला, हवा मारली, पुन्हा घातला. दोन फेरे, आणि अडला. रॉस आतल्या ऑफिसात फोनवर होता. चंद्रहासने स्टडच्या बाहेरच्या टोकावर दोन नट एकमेकांवर घट्ट केले, त्यांच्यावर पाना लावला आणि ढकललं. स्टड फिरला. लोण्यासारखा फिरला, अर्धा फेरा. आणि त्या क्षणी त्याने पाना सोडला, कारण कचरा असा फिरत नाही. असा फिरतो तो मऊ धातू, आपल्याला कापलं जातंय हे कळत असताना.

त्याने स्टड उलटा फिरवून काढला. टोकाला ॲल्युमिनियमचा एक चकचकीत, कुरळा केस लटकत होता.

तो तसाच उभा राहिला. मग खिशातून फोन काढून मागच्या दाराने बाहेर गेला. तिथे जुने टायर रचलेले होते आणि धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. तिकडे पहाटेचे साडेतीन झाले असतील हे त्याला रिंग वाजायला लागल्यावर सुचलं. अण्णांनी दुसऱ्याच रिंगला उचलला.

"कोण गेलं?" अण्णांनी विचारलं.

"कोणी नाही. अण्णा, दीड कशाचं म्हणालात तुम्ही परवा?"

"कसलं दीड?"

"स्टडचं. ॲल्युमिनियममध्ये आत दीड धर म्हणालात."

"हां. दीडपट. दहाचा स्टड आहे तर पंधरा मिलिमीटर आत गेला पाहिजे, जाडीच्या दीडपट. लोखंडात एकपट चालतं. का?"

चंद्रहासने बुटाने एक टायर ढकलला.

"तू पिच दीड घेतलंस का रे?"

"हो."

मग अण्णा एकदम खालच्या आवाजात म्हणाले, ज्या आवाजात ते बोलू शकतात हे चंद्रहास विसरला होता. "मी पट म्हणालो नाही का?"

"नाही."

"तुझा गेज काय म्हणत होता?"

"सव्वा."

"मग मला कशाला विचारलंस, बाबा?" अण्णा म्हणाले. रागावले नव्हते. खरंच विचारत होते.

फोन ठेवल्यावर चंद्रहास टायरच्या ढिगावर टेकला. त्याच्यापुढे एक रस्ता अगदी सोपा होता. सव्वाचे स्टड मागवायचे, बाकी आठ नीट बसवायचे, आणि चौथ्यात लॉकटाइटसारखी घट्ट बसणारी पेस्ट भरून स्टड तसाच रोवायचा. शनिवारी सात वाजता टिकटिक होणार नाही. महिन्या-दोन महिन्यांनी, केंब्रिजच्या बाई घोडा घेऊन चढ चढताना, कदाचित होईल. तोवर पत्र लिहून झालेलं असेल. रॉस फोनवरच होता. कोणी बघितलेलं नव्हतं.

तो उठला, पुन्हा बसला. बायकोने कपाळाला लावलेला अंगारा भुवईतून डोळ्यात गेला होता, झोंबत होता. त्याने बाहीने पुसला. देवाला घाबरून त्याने काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. खोटं आत रोवून ठेवलं तर आपण पुढे एक दिवसही स्वस्थ बसणार नाही, एवढंच त्याला कळत होतं. स्वस्थ तर तो एरवीही बसत नव्हता. पण ही अस्वस्थता निराळी असती.

ॲल्युमिनियमचा तो केस हाताच्या तळव्यावर घेऊन तो ऑफिसात गेला.

रॉसने चष्मा लावला. "हे कुठलं?"

"चौथ्या भोकातलं. मी चुकीच्या आट्याचा स्टड जबरदस्तीने घातला. माझा गेज बरोबर सांगत होता, मी ऐकलं नाही."

"कोणाचं ऐकलंस?"

"वडिलांचं. म्हणजे त्यांचंही बरोबर होतं. मी चुकीचं ऐकलं."

रॉसने फोनवरच्या माणसाला नंतर बोलतो म्हणून सांगितलं. टॉर्च घेऊन तो वॅगनच्या पोटात डोकं घालून बराच वेळ राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कानशिलाला काजळी लागली होती.

"वरचे दोन आटे गेले. खालचे धड आहेत. भोक खोल आहे." त्याने खणातून सव्वाचा टॅप काढला. आट्यांवरून पुन्हा फिरवून ते सरळ करायचं ते हत्यार. चंद्रहासला वाटलं, आता हा मला बाजूला करणार. त्याने आपणहून जागाही केली. रॉसने टॅप त्याच्या पुढ्यात धरला.

"मी कशाला? तू बिघडवलंस, तू कर. वाकडा गेला तर हेड उतरावं लागेल, आणि मग पत्राबद्दल मला विचारू नकोस."

चंद्रहासने एक चौकोनी लोखंडी ठोकळा भोकावर दाबून धरला, त्याच्या भोकातून टॅप सरळ उतरेल असा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. तेल. अर्धा पुढे, पाव मागे. पहिले दोन फेरे टॅप मोकळाच फिरला, तिथे धरायला काही उरलं नव्हतं. मग खालच्या आट्यांत तो सापडला आणि आपल्या वाटेने जाऊ लागला. रॉस मागे उभा राहून दातांतल्या दातांत शीळ घालत होता, एकच सूर, आणि ती बंद करा असं सांगायची चंद्रहासची छाती नव्हती.

टॅप बाहेर आला. रॉसने खणातला एक सव्वाचा जुना बोल्ट हाताने आत फिरवत फेरे मोजले. दहा. "दहा पुरतील," तो म्हणाला. "बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर चंद्रहासचे पुढचे दोन दिवस गेले.

लगेच मागवलेले सव्वाचे स्टड शुक्रवारी सकाळी आले. ऑकलंडच्या बाईने बिलाच्या पाठीवर हसरा चेहरा काढून पाठवला होता. त्याने नऊही स्टड हाताने आत घातले, टेकले की नुसते हलके आवळले. स्टड पिळून घट्ट करायचा नसतो, घट्ट नटाने व्हायचं असतं. फट बुजवणारं नवं गॅस्केट, मॅनिफोल्ड, टर्बो. नट मधल्यापासून कडांकडे, आधी अर्ध्या जोराने, मग पुऱ्या. लोखंड तापून लांबीत पसरतं, त्याला बाहेरच्या दिशेने सरकायला मुभा ठेवावी लागते. दुपारी इंजिन तापवलं, गार होऊ दिलं, आणि सगळे नट पुन्हा तपासले. चौथ्याने पाव फेराही घेतला नाही. हे चांगलं की वाईट, ते चंद्रहासला ठरवता येईना.

संध्याकाळी घरी अबोलीने वरण-भात वाढला. तो म्हणाला, "उद्या झालं नाही तर?"

"तर परवा काय करायचं ते परवा बघू."

"परवा रविवार आहे. बुधवारी व्हिसा संपतो."

"मला वार माहीत आहेत," अबोली म्हणाली. "जेवा आधी."

शनिवारी सातला फ्रँकटनवर धुकं असं होतं की गॅरेजची पाटी दिसत नव्हती. चंद्रहास साडेसहालाच पोचून फाटकाबाहेर उभा होता. रॉस गमबूट घालून आला, एक शब्द न बोलता वॅगनचं बॉनेट उघडलं, आणि कपाटातून हातभर रबरी नळी काढली. नळीचं एक टोक कानाला, दुसरं टोक इंजिनाजवळ धरलं की बारीकसा आवाजही डोक्यात वाजतो.

"सुरू कर."

चंद्रहासने किल्ली फिरवली. इंजिन खाकरलं आणि लागलं. तो स्टिअरिंगला धरून बसला होता आणि काचेतून, उघड्या बॉनेटच्या कडेला, रॉसचा फक्त वाकलेला पाठकणा दिसत होता. थंडीने इंजिन खडबडत होतं, त्यात टिक आहे की नाही हे आतून कळणं शक्यच नव्हतं. तो उतरला. रॉस नळी पहिल्या स्टडपाशी नेत होता, मग दुसऱ्या. तिसऱ्या. चौथ्यापाशी ती थांबली आणि हललीच नाही. मिनिटभर, कदाचित जास्त. मग पुढे गेली, नवव्यापर्यंत, आणि परत चौथ्यावर आली.

रॉस सरळ झाला आणि नळी चंद्रहासच्या हातात दिली.

चंद्रहासने कानाला लावली. आत समुद्रासारखा घोंगावणारा आवाज होता, व्हॉल्व्हची खटखट होती, पंप होता. टिक नव्हती. त्याने डोळे मिटले आणि पुन्हा ऐकलं. नव्हती. इंजिन गरम होऊन आवाज बदलेपर्यंत तो तसाच वाकून राहिला, शेवटी रॉसनेच किल्ली बंद केली.

ऑफिसात रॉस दोन बोटांनी टाइप करत बसला. मध्ये एकदा विचारलं, "टेक्निशियनमध्ये एच आहे का?" प्रिंटर खरखरला. कागद अजून गरम होता. 'ऑटोमोटिव्ह टेक्निशियन', दुसऱ्याच ओळीत. खाली कामाची यादी. आणि सहीच्या वर एक ओळ होती, जी कुठल्याच नमुना पत्रात नव्हती: याने एक आटा बिघडवला, मी पाहिलेलं नसताना येऊन सांगितलं, आणि स्वतः दुरुस्त केला.

चंद्रहासने कागद परत टेबलावर ठेवला. "रॉस, ही ओळ काढा ना. सरकारी कागद आहे. त्यात चूक कशाला?"

"घडलंय ते."

"ते लोक म्हणतील, याला काम येत नाही."

"म्हणू देत. ती ओळ काढली तर हे पत्र कुणालाही लागू पडतं." रॉसने सही केली आणि टोपण लावलं. "सोमवारी लवकर ये. एक गिअरबॉक्स आहे."

चंद्रहासने घरी जाताना दोन ठिकाणी गाडी बाजूला घेऊन ती ओळ वाचली. घरी अबोलीने पत्र हातातून घेतलं आणि देवापुढे ठेवायला निघाली, वाटेतच करंगळीने कुंकवाचा करंडा उघडत.

"अगं थांब. स्कॅन करायचंय. डाग दिसेल."

"मागच्या बाजूला लावते."

"मागून पुढे उमटतं."

अबोलीने करंडा बंद केला. कागद नुसताच देवापुढे ठेवला, हात जोडले, आणि मग शेवटची ओळ वाचली. दोनदा वाचली. "ही कोणी लिहायला सांगितली?"

"कोणी नाही. काढतही नाही म्हणतो."

"मग राहू दे."

"तुला काय वाटतं, नडेल का ती?"

"मला काय माहीत," अबोली म्हणाली. "पण बाकीचं सगळं तुमच्या हुद्द्याबद्दल आहे. एवढीच ओळ तुमच्याबद्दल आहे."

दुपारी दोन वाजता त्याने पत्र अर्जाला जोडलं आणि बटण दाबलं. पडद्यावर अर्ज मिळाल्याचा क्रमांक आला. तो त्याने कागदावर उतरवला, पडद्याशी ताडून पाहिला, पुन्हा एकदा ताडून पाहिला. मग भोसरीला फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, आणि एकच प्रश्न विचारला.

"टॅप सरळ गेला?"

"गेला."

"कोणी धरला होता?"

"मी, अण्णा."

"हं," अण्णा म्हणाले. मागे कोणीतरी आलेलं असावं, कारण त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला. तरी त्यांचा तो बहिरा, मोठा आवाज इकडे रोटोटुनापर्यंत स्पष्ट आला. "थोरल्याचा फोन आहे. तिकडं गाड्या दुरुस्त करतो."

चंद्रहास उठून खिडकीपाशी गेला, तिथून दारापाशी, तिथून परत. ओवी म्हणाली, "बाबा, सिट डाऊन." या वेळी तो बसला नाही, पण तिला उचलून घेतलं आणि तिच्यासकट येरझाऱ्या घालू लागला. निकाल यायला अजून किती आठवडे लागतील, कोणालाच सांगता येत नव्हतं.